वाचकांचे प्रश्न : सामन्याआधी क्लबच्या दारात

प्रश्न : आमचा मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लीड्स शहराच्या हेडिंग्ली भागात राहतात. येत्या जूनमध्ये मी आणि माझी पत्नी दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. नातीला तिथल्या रग्बी लीग क्लबचे विलक्षण वेड आहे. एका मोठ्या सामन्याच्या आधीच्या रविवारी क्लबने आपल्या चाहत्यांसाठी 'फॅन डे' ठेवला असून, त्याला आजी-आजोबांनी आलेच पाहिजे असा तिचा हट्ट आहे. आम्हाला या खेळातले ओ की ठो कळत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, पत्नीचे गुडघे दुखतात आणि गर्दीची आम्हा दोघांनाही धास्ती वाटते. तिथे नेमके काय असते, खेळाडूंशी काय बोलावे, आणि मुलाच्या नव्या गावचे ते मानकरी म्हणून त्यांच्यासाठी शाल-श्रीफळ न्यावे काय? — एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण क्लबचे नाव लिहिलेले नाही, परंतु हेडिंग्ली म्हटल्यावर तो 'लीड्स ऱ्हायनोज' हे उघड आहे. हेडिंग्ली हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे परिचयाचे आहे. १९८६ मध्ये दिलीप वेंगसरकरांनी तिथे ६१ आणि नाबाद १०२ धावा केल्या, आणि २००२ मध्ये द्रविड, तेंडुलकर व गांगुली या तिघांनी एकाच डावात शतके ठोकली, ते हेच ठिकाण. मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते की त्या क्रिकेट मैदानाच्या पाठीला पाठ लावून रग्बी लीगचे मैदान आहे आणि दोहोंच्या मध्ये एकच सामायिक स्टँड आहे. एका बाजूला बसले की क्रिकेट दिसते, दुसऱ्या बाजूला बसले की रग्बी. तेव्हा खेळात रस वाटला नाही तरी, वेंगसरकर जिथे खेळले त्या मैदानाच्या पिछाडीला आपण उभे आहोत एवढे समाधान निश्चित मिळेल.

फॅन डे म्हणजे काय हे समजण्यासाठी नाशिककराला लांब जावे लागत नाही. गणपतीच्या आधीच्या संध्याकाळी आपल्या ढोल पथकांचा सराव सुरू असतो, तेव्हा मिरवणुकीत ज्यांच्याजवळही जाता येत नाही त्या वादकांना आपण अगदी शेजारी उभे राहून पाहतो, एखादा ताशावाला थांबून लहान मुलाच्या हाती काडी देतो, आणि त्या मुलाला मग विसर्जनाच्या दिवशी ते पथक 'आपले' वाटू लागते. फॅन डेचे स्वरूप साधारणपणे तसेच असते. संघ मैदानावर हलका सराव करतो आणि तो कठड्याबाहेरून पाहता येतो; त्यानंतर खेळाडू टेबलांशी बसून किंवा कठड्याशी येऊन सह्या करतात, मुलांबरोबर छायाचित्रे काढू देतात; एका कोपऱ्यात मुलांना चेंडू पकडण्याचे आणि फेकण्याचे खेळ असतात, दुसरीकडे क्लबचे शर्ट विकले जातात, आणि ऱ्हायनोजच्या बाबतीत रॉनी नावाचा भलामोठा गेंडा हस्तांदोलन करीत फिरत असतो. मी नोकरीनिमित्त चार वर्षे त्या शहरात होतो. माझा पहिला फॅन डे मी निम्मा वाया घालवला, कारण मी सगळा वेळ सह्यांच्या सर्वांत लांब रांगेत उभा होतो आणि मैदानावर काय चालले आहे याकडे माझी पाठ होती. तेव्हा पहिली विनंती ही की आपण सराव पाहावा, सह्या नंतर.

सराव कळावा यासाठी खेळाची चार सूत्रे पुरेशी आहेत. प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात आणि चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग असतात. चेंडू हाताने देताना तो कधीही पुढे द्यायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. पुढे जायचे ते स्वतः धावून किंवा लाथेने चेंडू पुढे मारून. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, पण एकदा डोळ्यांत बसले की संपूर्ण खेळ उलगडतो. चेंडूवाल्याला प्रतिस्पर्ध्यांनी पकडून आडवे पाडले की तो 'टॅकल' झाला. मग त्याने उठून पायाने चेंडू मागच्या साथीदाराकडे सरकवायचा आणि पुन्हा चाल सुरू. अशा सहा टॅकलची संधी प्रत्येक संघाला मिळते. पूर्वी ही संख्या अमर्याद होती, आता सहा आहे, आणि आपल्यासारख्यांनी ते सहा चेंडूंचे षटक समजावे. पाच टॅकल झाले की बहुधा चेंडू लाथेने दूर पाठवला जातो, कारण सहावा टॅकल झाला तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावा लागतो. विरोधी संघाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ४ गुण. त्यानंतर दोन खांबांमधून चेंडू मारला की आणखी २. सरावात आपल्याला दिसेल की धिप्पाड 'प्रॉप' (आघाडीचे खेळाडू) सरळ अंगावर धावून जाण्याचा अभ्यास करतात, तर शेवटी एकदोन खेळाडू एकटेच उरून खांबांवर चेंडू मारीत बसतात. त्या एकट्या माणसाकडे अवश्य पाहावे.

का, ते सांगतो. १९६८ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना लीड्स आणि वेकफिल्ड या दोन शेजारी गावांच्या संघांत झाला. पावसाने मैदानाचे तळे झाले होते. अखेरच्या क्षणी वेकफिल्डने ट्राय केला आणि फरक एका गुणाचा उरला. डॉन फॉक्स याला जवळजवळ खांबांसमोरून, एरवी डोळे झाकून साधला असता असा फटका मारायचा होता. तो घसरला, चेंडू बाहेर गेला आणि लीड्सने ११–१० असा कप जिंकला. वेदनादायक योगायोग असा की त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान फॉक्सलाच मिळाला होता, आणि तरीही पुढच्या पिढ्यांना तो त्या एका फटक्यासाठीच माहीत राहिला. (त्या लीड्स संघाचे प्रशिक्षक रॉय फ्रान्सिस हे कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळच्या ब्रिटनमध्ये दुसऱ्या खेळांत असे उदाहरण शोधून सापडले नसते, हेही लीड्सकर अभिमानाने सांगतात.) आपण विचारले आहे की खेळाडूंशी काय बोलावे. त्याचे निम्मे उत्तर या गोष्टीत आहे : मोठ्या सामन्याच्या आठवड्यात खेळाडूला मागच्या चुकीबद्दल, दुखापतीबद्दल किंवा 'या वेळी जिंकणार ना?' असे विचारू नये. ती माणसे त्या दिवशी हसतमुख असतात, पण ओझ्याखाली असतात. नातीला एकच प्रश्न तयार करून द्यावा, तोही तिच्या वयाचा. 'माझ्या वयाचे असताना तुम्ही कुठे खेळत होता?' हा प्रश्न मी अनेक मुलांना शिकवला आहे आणि त्यावर खेळाडू हमखास रमतात, कारण त्यांच्यापैकी पुष्कळजण आसपासच्याच गल्ल्यांतल्या हौशी क्लबांतून वर आलेले असतात.

हे गल्लीचे नाते या खेळात मुरलेले का आहे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर इंग्लंडमधील रग्बी खेळणारे पुष्कळसे खाणकामगार आणि गिरणीकामगार होते. त्यांना शनिवारीही कामावर जावे लागे, आणि सामन्यासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, दिवसाला ६ शिलिंग, एवढेच उत्तरेकडील क्लबांचे म्हणणे होते. दक्षिणेकडील सुखवस्तू धुरिणांनी १८९३ मध्ये तो ठराव फेटाळला. खेळासाठी पैसा घेणे त्यांना कमीपणाचे वाटे, आणि ज्याच्या घरची चूल मजुरीवर पेटत नाही त्याला असे वाटणे सोपेच असते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी संघटना स्थापन केली. लीड्स त्या संस्थापकांपैकी एक. पुढे १९०६ मध्ये पंधराऐवजी १३ खेळाडू करण्यात आले, नियम बदलत गेले आणि 'रग्बी लीग' हा स्वतंत्र खेळ झाला. जुन्या 'रग्बी युनियन'ने या मंडळींवर इतका राग धरला की लीगमध्ये खेळलेल्या माणसाला युनियनची दारे जन्मभर बंद होत. स्वतः युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे देण्याचे मान्य केले ते १९९५ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी जशी पाळीवरून सुटलेल्या कामगारांची होती, तसा हा खेळ आहे. म्हणून फॅन डेला आपण एखाद्या तारांकित समारंभाला नव्हे, एका वस्तीच्या घरी पाहुणे म्हणून चाललो आहोत, असे समजून जावे. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना आपण नाशिकहून आलो असे सांगितले, तर ते आपणहून तासभर माहिती देतील. त्यांचा यॉर्कशरी उच्चार पहिली दहा मिनिटे कळणार नाही, मग कळू लागेल.

तिथे अनेकांच्या पाठीवर ७ हा आकडा आणि 'बरो' हे नाव दिसेल. रॉब बरो हा पाच फूट पाच इंच उंचीचा खेळाडू, त्या धिप्पाड माणसांच्या गर्दीतून सुळकन निसटणारा. लीड्सबरोबर त्याने आठ वेळा सुपर लीगची (तिथल्या सर्वोच्च स्पर्धेची) ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम लढत, जिंकली. निवृत्तीनंतर २०१९ च्या डिसेंबरात त्याला मोटर न्यूरॉन आजाराचे (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी करणाऱ्या रोगाचे) निदान झाले. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफिल्ड याने या आजाराच्या मदतनिधीसाठी २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावल्या, आणि मे २०२३ मधील लीड्स मॅरेथॉनमध्ये रॉबला चाकाच्या खुर्चीतून नेत शेवटी उचलून घेऊन अंतिम रेषा ओलांडली. रॉब जून २०२४ मध्ये गेला. हे नाव निघाले की त्या गावात मोठमोठी माणसे गप्प होतात; नातीलाही ही हकीकत बहुधा ठाऊक असेल, आपल्याला ठाऊक आहे हे पाहून तिला आनंद होईल.

आता व्यवहाराच्या गोष्टी. शाल-श्रीफळ नेऊ नये. भावना उत्तम आहे, परंतु सह्यांच्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते, त्यात शाल पांघरण्याचा विधी उरकणार नाही, आणि हातातला नारळ प्रवेशद्वारावरील तपासणीत कोणाला काय वाटेल हे समजावत बसावे लागेल. खाद्यपदार्थही नकोत, सामन्याच्या आठवड्यात खेळाडूंचे खाणे मोजूनमापून ठरलेले असते, त्यामुळे आपला चिवडा कितीही प्रेमाने दिला तरी तो दुसऱ्याच कोणाच्या तोंडी जाईल. नातीने स्वतः काढलेले चित्र किंवा मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले शुभेच्छापत्र न्यावे. देवनागरी अक्षरे पाहून खेळाडू हमखास विचारतात, आणि आपले अर्ध्या मिनिटाचे दोन मिनिटे होतात.

सहीसाठी जाड काळे मार्कर पेन न्यावे. लीड्सचा रंग निळा आणि अंबर (पिवळसर केशरी). निळ्या कापडावर काळी शाई दिसत नाही, म्हणून सही शर्टाच्या फिकट भागावर किंवा सरळ छायाचित्रावर घ्यावी, आणि शर्टाच्या आत पुठ्ठा ठेवावा. नातीचे नाव इंग्रजीत कागदावर लिहून समोर धरावे, म्हणजे वेळ वाचतो आणि नाव बिघडत नाही.

गर्दीची धास्ती मात्र अनाठायी आहे. मला आपली भीती समजते : काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरात एका दुकानाच्या उद्घाटनाला एक क्रिकेटपटू आला होता, तेव्हा माझ्या पुतणीची एक चप्पल आणि माझा चष्मा दोन्ही त्या रेटारेटीत गेले. लीड्समध्ये मात्र रांग ही जवळजवळ धर्माची बाब आहे. पत्नीच्या गुडघ्यांसाठी क्लबला आधी ईमेल करून बसण्याची सोय आणि पायऱ्या टाळणारे प्रवेशद्वार विचारून घ्यावे, अशी विचारणा तिथे सर्रास होते. शिवाय एक आडवाट सुचवतो. या क्लबचे महिलांचे आणि व्हीलचेअर रग्बी लीगचेही संघ आहेत, आणि ते खेळाडू उपस्थित असतील तर त्यांच्याकडची रांग पुरुष संघापेक्षा आखूड असते. व्हीलचेअर प्रकारात स्त्रिया आणि पुरुष, अपंग आणि धडधाकट असे सगळे एकाच संघात खेळू शकतात. २०२२ मध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने फ्रान्सला २८–२४ असे हरवले. नातीला तिथे खुर्चीत बसून चाके फिरवून पाहायला मिळाली, तर तिच्या दृष्टीने तो दिवसाचा कळस ठरेल.

खाण्याबाबत सावध राहावे. मैदानावर मांस भरून भाजलेले 'पाय' (pie), बर्गर, चिप्स असे पदार्थ मिळतात. चिप्स म्हणजे बटाटा, तेव्हा चालेल, असे आपण समजतो. परंतु यॉर्कशरमध्ये चिप्स गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत अनेक दुकानांत आजही आहे. 'कशात तळले आहे?' हे विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि घरून जेवून निघावे हे उत्तम. पिशवी लहान ठेवावी. जून असला तरी पातळ रेनकोट हवाच. घरापासून मैदान चालण्याजोगे नसेल तर लीड्स स्थानकावरून हॅरोगेटच्या गाडीने बर्ली पार्कला उतरावे. मैदानाला ते स्थानक 'हेडिंग्ली' नावाच्या स्थानकापेक्षा जवळ पडते, आणि नवखे लोक नेमके इथेच चुकतात.

प्रश्न : मी सिडको परिसरात मुलींना कबड्डी शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी सिडनीजवळ पॅरामाटा येथे स्थायिक झाली असून, तिथल्या रग्बी लीग क्लबच्या फॅन डेला ती आपल्या मुलीला नेणार आहे. तिथे मुलांना टॅकल शिकवतात असे ती सांगते. कबड्डीची पकड तिथे उपयोगी पडेल काय? — एक प्रशिक्षक, नाशिक

उत्तर : पडेल, परंतु अर्धीच. गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, चढाईवाल्याच्या पायांवर नजर ठेवण्याची आपली सवय टॅकलसाठी अत्यंत उपयुक्त आहे, आणि धावत्या खेळाडूच्या पायांना मिठी घालणे तिथेही नियमात बसते. फरक असा की कबड्डीत आपण बहुतेकदा जागेवरून पकडतो, तर लीगमध्ये बचाव करणारी रांग दहा मीटर मागून धावत येते, त्यामुळे आघात मोठा होतो. म्हणूनच डोके नेहमी धावणाऱ्याच्या शरीराच्या बाजूला, कधीही पुढ्यात नाही, हा पहिला धडा असतो. मान आणि डोके यांना हात लावणे गुन्हा आहे, आणि पकडलेल्याला उचलून आडव्याच्याही पलीकडे उलटा करणे हा त्याहून मोठा. पकडल्यावर धरून ठेवण्याची आपली सवय मात्र विसरावी लागेल, कारण टॅकल पूर्ण होताच सोडून उठावे लागते. अर्थात फॅन डेला मुलांना एकमेकांवर सोडत नाहीत; फोमच्या गाद्यांवर किंवा नुसत्या शिवण्याच्या खेळावर भागवतात, त्यामुळे आईने निर्धास्त असावे.

पॅरामाटाला लागूनच असलेल्या हॅरिस पार्कमध्ये भारतीय दुकानांची एवढी दाटी आहे की आपल्या विद्यार्थिनीला क्लबच्या रांगेत ओळखीचे चेहरे भेटतील. निळ्या-सोनेरी रंगाच्या या 'ईल्स' संघाने १९८१, १९८२, १९८३ आणि १९८६ अशी चार विजेतेपदे मिळवली आणि त्यानंतर अनेक वर्षे चाहते वाटच पाहत आले. २०२२ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पेनरिथकडून २८–१२ अशी हार पत्करावी लागली. पहिले विजेतेपद मिळाले त्या रात्री आनंदाच्या भरात चाहत्यांनी आपल्याच जुन्या कंबरलँड ओव्हल मैदानाचा स्टँड पेटवून दिला होता. आज त्याच परिसरात ३० हजार प्रेक्षकांचे, २०१९ मध्ये उघडलेले नवे स्टेडियम उभे आहे. ही गोष्ट तिथले वृद्ध चाहते पश्चात्ताप आणि अभिमान यांचे चमत्कारिक मिश्रण करून सांगतात. विचारल्यास ऐकायला मिळेल.

प्रश्न : मी ढोल पथकात वाजवतो आणि सप्टेंबरपासून लीड्सला शिकायला जात आहे. क्लबच्या फॅन डेला नाशिक ढोल वाजवला तर चालेल का? — एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : न विचारता नेला तर दारातच अडवतील. विचारलात तर शक्यता आहे, कारण चाहत्यांच्या कल्पनांचे अशा क्लबांना वावडे नसते. दोनचार आठवडे आधी क्लबला पत्र लिहून ढोलाचे माप, वादकांची संख्या आणि किती मिनिटे वाजवणार हे कळवावे, सोबत आपल्या पथकाची छोटी चित्रफीत जोडावी. मैदानाच्या भोवती दाट वस्ती आहे, त्यामुळे दहा मिनिटांहून अधिक मागू नये. सराव चालू असताना अजिबात वाजवू नये. खांबांवर चेंडू मारणाऱ्याला शांतता लागते. एकच ढोल न्यावा आणि दुसरी काठी एखाद्या स्थानिक मुलाच्या हाती द्यावी. ढोलाचे पान मात्र जाताना जादा न्या; तिथल्या ओलसर हवेत ते उतरते आणि तिथे कसून देणारा कोणी सापडणार नाही.